चार लिटरचा हिशेब

पहाटे 5:00

जुलैमध्ये टेक्सासमधल्या शुगर लँडला पहाटसुद्धा ओलीच उजाडते. बाहेरची हवा 26 अंशांवर, दवबिंदू 24 च्या आसपास. हवेत आणखी वाफ मावायला फारशी जागाच नाही. घरात एसी असल्यामुळे खिडकीची काच थंड, म्हणून पाणी सुटतं ते काचेच्या बाहेरच्या अंगाला. सूर्य वर येईपर्यंत ते थेंब तिथेच असतात आणि पहिलं कोवळं ऊन विखरून टाकतात. खिडकीशी ठेवलेल्या तुळशीला पहिल्या तासाभरात किती उजेड मिळणार, हे या थेंबांवर ठरतं.

रोपांची खोली या खिडकीसारखीच पूर्वेच्या बाजूला आहे. दोन रॅक, प्रत्येकाला चार कप्पे, प्रत्येक कप्प्यावर 40 वॉटचे एलईडी आणि खाली चार-चार ट्रे. मेथी, मोहरी, मुळा, सूर्यफूल मी इथे पेरते आणि कोवळं असतानाच कापून विकते. ह्यूस्टनच्या या भागात मेथी-कोथिंबिरीचा परसातला हंगाम ऑक्टोबर ते मार्च. मे महिन्यात ती फुलावर येते आणि जून-जुलैत पेरलेलं टिकत नाही. म्हणून उन्हाळ्यात सगळं खोलीत.

माझ्या रोपांचा दिवस रात्री 8 ला सुरू होतो आणि सकाळी 10 ला मावळतो. दुपारी छप्पर तापलेलं असताना आत दिवेही पेटवायचे म्हणजे एसीवर दुहेरी ओझं. रात्री बाहेरची हवा आठ-नऊ अंशांनी तरी उतरते. रोपांना घड्याळ कळत नाही, उजेड आणि अंधार कळतो.

पहिलं काम पानांचं तापमान घेण्याचं. खोलीतली हवा 24 अंश. इन्फ्रारेड थर्मामीटर मोहरीच्या दाट पानांवर धरला की 22.5 दाखवतो. शेजारच्या मुळ्यावर 23. तिसऱ्या कप्प्यात कोपऱ्यातल्या मेथीवर मात्र 25. तिघांवर दिवा एकच, दिव्यापासूनचं अंतर एकच. फरक ट्रेखालच्या पाण्याचा. पानाच्या रंध्रांतून वाफ निघत असेल तोवर पान हवेपेक्षा थंड राहतं. मुळाशी पाणी कमी पडलं की रोप रंध्रं मिटून घेतं, वाफ थांबते आणि तोच उजेड पानाला तापवायला लागतो. मेथीनं अजून मान टाकलेली नाही, पानं ताठ आहेत. डोळ्याला तहान दिसायला आणखी दोन-तीन तास लागले असते.

5:40

आता तराजू. रोज तेच तीन ट्रे मी उचलून वजन करते, बाकीचे अंदाजानं. मोहरीचा ट्रे रात्री दिवे लागताना 2,140 ग्रॅम होता, आता 2,050. नव्वद ग्रॅम पाणी नऊ-दहा तासांत हवेत गेलं. रोपांनी स्वतःच्या अंगात साठवलेलं पाणी ट्रेमध्येच आहे, ते वजनातून जात नाही. गेली ती फक्त वाफ. असे बत्तीस ट्रे. सगळ्यांना मिळून दिवसाला साधारण चार लिटर पाणी परत द्यावं लागतं.

या चार लिटरवर माझी सगळी खोली चालते, म्हणून ते नीट सांगते.

दोन रॅकचे दिवे मिळून 320 वॉट. चौदा तासांत साडेचार युनिट वीज. चांगला एलईडी त्यातली निम्मी वीज उजेडात बदलतो, उरलेली दिव्याच्या धातूच्या पाठीवर तिथेच उष्णता होते. उजेडाचं काय होतं? पानं तो शोषतात आणि त्यातला अगदी थोडा भाग, शेकड्यात दोन-तीन म्हणावा इतका, साखर तयार करण्यात साठतो. बाकी सगळ्याची उष्णताच होते. म्हणजे दिवा कितीही उत्तम घ्या, जवळपास साडेचार युनिटं उष्णता या बंद खोलीत रोज पडणार. तिला जायला दोनच वाटा आहेत: एकतर हवा तापवायची, नाहीतर पाणी उडवायचं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला खोलीच्या तापमानाला सुमारे 2,450 किलोज्यूल लागतात, म्हणजे 0.68 युनिट. चार लिटरला पावणेतीन युनिटं. दिव्यांतून आलेल्या उष्णतेतला साठ टक्के भाग पानं आणि ओली माती अशी वाफेत लपवून टाकतात. थर्मामीटरला ती दिसतच नाही.

दिव्यांच्या खोक्यावर वॉट लिहिलेले असतात, लोक तेवढेच वाचतात. मला कुणी नवशिक्यानं विचारलं की घरात रोपांसाठी कुठला दिवा घेऊ, तर मी आधी विचारते, पाणी किती घालतोस आणि ते खोलीतून बाहेर कसं पडतं?

पाणी मी खालच्या ट्रेत ओतते. वरच्या ट्रेला भोकं आहेत, नारळाचा भुसा ते वर ओढून घेतो. वरून फवारलं तर पानं ओली राहतात, आणि दाट पेरणीत ओलं पान म्हणजे बुरशीला आवतण. शिवाय इथलं नळाचं पाणी क्षारांचं. फवाऱ्याचे थेंब पानांवर आणि दिव्यांच्या पट्ट्यांवर वाळले की पांढरे डाग राहतात. दिव्यावरचा तो थर महिना-दोन महिने पुसला नाही, तर उजेडमापकावर आकडा उतरलेला स्पष्ट दिसतो. पाण्यानं उजेड खाल्ला, तो असा.

6:30

कापणी. मुळा आणि सूर्यफूल. पानं कोरडी आणि पेशी पाण्यानं भरलेल्या, अशी वेळ साधावी लागते. कोरडं कापलेलं डब्यात आठवडाभर टवटवीत राहतं, ओलं कापलेलं तीन दिवसांत काळवंडतं. तासाभराचं काम, त्यात बोलणं नाही.

8:00

बाबा चहा घेऊन खिडकीशी आले. ते सहा महिन्यांसाठी आले आहेत. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात त्यांची सगळी नोकरी बॉयलिंग हाउसमध्ये गेली. रस आटवणं, पाक करणं, दाणा धरणं, हे त्यांचं क्षेत्र. आता काचेवरचं पाणी उडालं आहे आणि ऊन थेट तुळशीवर पडलंय. कढीपत्त्याची कुंडी तिच्या मागे. मी झारी उचलली तसे ते म्हणाले, "अगं, उन्हात पानांवर पाणी नको घालूस. थेंबाचं भिंग होतं, पान जळतं."

हे मी लहानपणापासून ऐकलंय, आणि एकटे बाबाच असं म्हणतात असं नाही. बागकामाच्या पुस्तकांतही ते वर्षानुवर्षं छापलं जात होतं. बुडापेस्टच्या एका संशोधक गटानं ते तपासून पाहिलं आणि 2010 मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात मांडलं. गुळगुळीत पानावरचा थेंब पसरट होतो, पानाला चिकटून बसतो. त्याचा केंद्रबिंदू पानाच्या बराच खाली पडतो, तोवर ऊन एकवटतच नाही. वर थेंबातलं पाणी पानाला गारवाही देतं. मात्र पानावर लव असेल आणि त्या केसांवर थेंब गोल, अधांतरी उभा राहिला, तर केंद्रबिंदू नेमका पानावर येऊ शकतो. पाण्यावर तरंगणाऱ्या साल्विनिया नेच्यावर त्यांना तशा जळक्या खुणा मिळाल्या.

बाबांनी तुळशीचं पान उन्हात धरून पाहिलं. तिला बारीक लव आहे. "मग हिच्या मुळाशीच घाल," म्हणाले. मी तसंच घातलं.

त्यांच्या सांगण्यात एक खरी गोष्ट आहेच. इथे दुपारी अंगणातल्या काळ्या नळीत उरलेलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं. त्याची पहिली धार कोवळ्या रोपावर सोडली तर पान नक्की भाजेल. ते भिंगामुळे नाही, पाण्याच्या उष्णतेमुळे.

या खिडकीचीही एक तऱ्हा आहे. टेक्सासमधल्या नव्या घरांच्या काचांवर उष्णता परतवणारा पातळ लेप असतो. ऊन दिसतं लखलखीत, पण त्यातली बरीचशी अवरक्त किरणं आणि थोडा उजेडही बाहेरच अडतो. कुंडी काचेपासून एक हात मागे सरकली की उजेड झपाट्यानं उतरतो. तुळस काचेला टेकूनच ठेवावी लागते. कढीपत्त्याचं आणखी एक: लिंबूवर्गीय झाडांना हरितरोग लावणारी तुडतुड्यासारखी कीड त्याच्यावर वाढते. टेक्सासमध्ये हा रोग 2012 मध्ये सापडला, तेव्हापासून रोगग्रस्त भागांतून अशी रोपं बाहेर नेण्यावर बंधनं आहेत. म्हणून दर आठवड्याला पानांची मागची बाजू भिंगातून बघते.

9:15

डबे घेऊन निघाले. रस्त्यात इंपीरियल शुगरच्या जुन्या कारखान्याची उंच विटांची इमारत लागते, ‘चार हाउस’, म्हणजे कोळशाचं घर. हाडांच्या कोळशातून पाक गाळून साखर पांढरी करायचं काम तिथे चाले. कंपनी आपला जन्म 1843 चा सांगे. शुद्धीकरणाचा कारखाना 2003 मध्ये बंद पडला. गावाचं नावच त्या साखरेवरून.

इथल्या उसाच्या शेतांत आधी गुलामांना राबावं लागलं, आणि गुलामगिरी संपल्यावर भाड्यानं दिलेल्या कैद्यांना. 2018 मध्ये इथे एका शाळेच्या बांधकामात अशा 95 कृष्णवर्णीय कैद्यांचे अवशेष सापडले. ब्राझोस नदीकाठच्या या हवेत जुलैच्या दुपारी शेतात राबणं म्हणजे काय, हे मला खोलीत काम करून थोडं उमगलंय. हवा वाफेनं भरलेली असली की अंगावरचा घाम उडत नाही, आणि न उडालेला घाम माणसाला गारवा देत नाही. या गावात उष्णतेबद्दल लिहिताना त्यांची आठवण न काढणं मला जमत नाही.

10:00

दिवे बंद. रोपांची रात्र झाली, आणि खोलीतली सगळ्यात अवघड वेळ हीच.

दिवे लागलेले असताना हवा 24-25 अंश आणि आर्द्रता साठच्या आसपास असते. दिवे गेले की उष्णता एकदम कमी होते, एसीला फारसं काम उरत नाही, तो थोडा वेळ चालून थांबतो. पण भुसा ओलाच आहे, त्याची वाफ चालू राहते. हवा 25 वरून 20 वर आली, तर आत एक थेंबही नवा न येता साठ टक्क्यांची आर्द्रता ऐंशीच्या पुढे जाते, कारण थंड हवेत वाफ कमी मावते. दाट मोहरीच्या बुडाशी तर त्याहून जास्त. कोवळ्या देठांना कुजवणारी बुरशी याच तासांत पसरते. म्हणून पाणी देणं मी पहाटे ठेवलंय: दिवे चालू असताना चार तास मिळतात, वरची ओल उडून जाते.

छोटा पंखा मात्र बंद होत नाही. तो हवा थंड करत नाही, पानांना चिकटून बसलेला दमट थर हलवत राहतो.

आर्द्रता शोषणारं यंत्र, डीह्युमिडिफायर, मी आणून पाहिलंय. पाणी ते काढतं, पण वाफेचं पाणी करताना लपलेली उष्णता बाहेर पडते. लिटरमागे तीच 0.68 युनिट, वर यंत्राची स्वतःची वीज. सगळी खोलीतच. पानांनी लपवलेली उष्णता ते परत बाहेर काढून ठेवतं. हिवाळ्यात ही उष्णता चालते, जुलैत नाही. त्यापेक्षा एसीच्या पंख्याचा वेग कमी करून ठेवला. हवा थंड नळ्यांवरून सावकाश जाते, जास्त पाणी सोडते आणि ती उष्णता एसी घराबाहेर नेऊन टाकतो.

12:30

जेवणाआधी बादली. या खोलीच्या एसीची पाण्याची नळी मी भिंतीबाहेर एका बादलीत सोडली आहे. बाबांना ही बादली इथल्या सगळ्या गोष्टींपेक्षा आवडते. पहिल्या दिवशीच त्यांनी बोट बुडवून विचारलं होतं, "हे तर कंडेन्सेट. गटारात सोडत होतीस?"

कारखान्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उसात सत्तर टक्के पाणीच. रस आटवताना त्याची वाफ होते, ती पुढच्या भांड्याला उष्णता देऊन निवते आणि स्वच्छ पाणी मिळतं. बॉयलरला बरंचसं तेच जातं. एका भांड्यातल्या रसाची वाफ पुढच्या भांड्यात इंधन म्हणून वापरायची ही युक्ती नॉर्बर्ट रिल्यू यांची. 1806 मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मलेले, पॅरिसला शिकलेले, मिश्रवंशीय स्वतंत्र नागरिक. गुलामगिरी ऐन जोरात असलेल्या लुइझियानात त्यांनी 1843 आणि 1846 मध्ये या पद्धतीची पेटंटं घेतली. प्रवरानगरपासून कोल्हापूरपर्यंतच्या प्रत्येक कारखान्यात रस आजही त्याच तत्त्वावर आटतो. चार भांड्यांच्या ‘क्वाड’मध्ये एक किलो वाफेवर जवळपास चार किलो पाणी उडवता येतं. बाबांनी ते आयुष्यभर चालवलं. रिल्यू यांचं नाव त्यांनी इथे माझ्याकडून ऐकलं. परत एकदा सांग म्हणाले आणि डायरीत लिहून घेतलं.

बादलीतलं पाणी रोपांचंच आहे असं म्हणायला हरकत नाही, जरी दार उघडताना आलेली बाहेरची वाफ त्यात असतेच. त्यात क्षार जवळजवळ नसतात. पण एसीच्या नळ्यांवरची धूळ, धातू, जंतू त्यात येऊ शकतात, म्हणून कापून कच्चं खायच्या मेथी-मुळ्याला ते मी कधीच देत नाही. परसातल्या जास्वंदीला आणि मोगऱ्याला जातं. नैवेद्याला लागते म्हणून तुळशीलाही नाही. या बाबतीत मी कडक आहे.

3:00

बाहेर 35 अंश. बाबा गॅरेजमध्ये डोकावून आले. "एवढी मोठी जागा मोकळी आहे. एक कूलर लाव, वाळ्याचे पडदे लाव, चार रॅक मावतील."

नागपूर-अकोल्याला हे अगदी बरोबर ठरलं असतं. मे महिन्यात 44 अंश आणि हवेत आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर पाणी उडवून हवा 23 अंशांपर्यंत उतरू शकते. ती शेवटची मर्यादा; कूलर तिच्या जवळ नेतो. कोरडी हवा पाणी मागत असते. शुगर लँडला 35 अंशांवर दवबिंदू 24. इथे कितीही पाणी उडवलं तरी हवा 27 च्या खाली जात नाही, आणि तिथवर पोचलीच तर ती वाफेनं इतकी भरलेली असते की पानांतून पाणी उडायचंच बंद होतं. हवेचं तापमान उतरलं म्हणून आपण खूश व्हायचं आणि रोपानं मात्र गुदमरायचं.

त्यांना मी कागदावर दोन्ही आकडे मांडून दिले. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्याकडे उष्णता जास्त, तुमच्याकडे तिला जायला वाट नाही." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

5:00

पेरणी. सूर्यफुलाचं बी सकाळी भिजत घातलं होतं, आता ट्रेमध्ये. कोरडा भुसा फिका तपकिरी. पाणी पडताच गडद होतो. कणांमधल्या हवेची जागा पाण्यानं घेतली की उजेड पृष्ठभागावरून उसळून परत येण्याऐवजी आत शिरतो आणि तिथेच शोषला जातो. म्हणून ओली माती उजेड जास्त घेते. पण घेतलेली उष्णता पाणी उडवण्यात जाते, त्यामुळे तापत नाही. कोरडी पडलेली काळ्या ट्रेची कड मात्र दिव्याखाली चांगलीच तापते. कडेचं बी आधी सुकतं ते याच कारणानं. तिथे मी चमच्यानं पाणी देते.

कोपऱ्यात वीस लिटरचे पाच काळे डबे आहेत. एकात पुदिना पाण्यावरच वाढतो, लेट्यूस दुसऱ्यात, उरलेल्यांत नुसतं पाणी. डबे काळे, कारण पाण्यात उजेड शिरला की शेवाळ धरतं. आणि खाली, थंड फरशीवर, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो: 20 अंशांना लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. मुळं श्वास घेतात तो यातलाच. गरम पाण्यात मुळांची भूक वाढते आणि पुरवठा घटतो, मग ती तपकिरी होऊन बुळबुळीत होतात. पुदिन्याचं मूळ रोज एकदा उचलून बघते. पांढरं असेल तोवर काळजी नाही.

नुसत्या पाण्याचे डबे का, असं सगळे विचारतात. 2021 च्या फेब्रुवारीतल्या हिमवादळात ह्यूस्टनला पारा उणे दहाच्याही खाली गेला होता. आमच्याकडे वीज गेली, दिवे-हीटर सगळं थांबलं. शंभर लिटर पाणी एक अंशानं निवताना सुमारे 420 किलोज्यूल उष्णता खोलीला देतं. बारा अंश निवेपर्यंत सव्वा-दीड युनिट, तीही सावकाश, रात्रभर. हवेला इतकी उष्णता धरवत नाही. डब्यांच्या मधोमध ठेवलेला कढीपत्ता जगला, परसातला गेला. 2024 च्या जुलैत बेरिल चक्रीवादळानंतर वीज गेली तेव्हा तेच डबे उलट कामाला आले. खोली तापत होती आणि पाणी ती उष्णता पोटात घेत होतं. दिवे नव्हते, पण रोपं दोन दिवस अंधारात राहू शकतात. उकाड्यात राहू शकत नाहीत.

7:30

दिवे लागायला अर्धा तास. खोलीच्या अंधारात टॉर्च मारली की मोहरीच्या प्रत्येक पानाच्या कडेला बारीक, एकसारखा थेंब दिसतो. हे दव नाही. हवा दमट असते, रंध्रं मिटलेली असतात, आणि मुळं पाणी वर ढकलतच राहतात. ते पानाच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर येतं. थेंब असतील तर मुळं ठीक आहेत आणि ट्रेत पाणी पुरेसं आहे. थेंब खूप मोठे असतील तर उद्या पहाटे पाणी कमी. पहाटेच्या मेथीच्या ट्रेवरही आता थेंब आहेत.

8:00

दिवे लागले. पाच-दहा मिनिटांत थेंब उडून जातात.

एलईडी येण्याआधी हे काम किती अवघड होतं, याची आता कल्पना येत नाही. साध्या तारेच्या बल्बमधून उजेड थोडा आणि उष्ण किरणं ढीगभर यायची. रोपांजवळ आणावा तर पानं भाजणार, लांब ठेवावा तर उजेड नाही. तेव्हा प्रयोगशाळांतल्या वाढ-कक्षांमध्ये दिवा आणि रोपं यांच्या मधे काचेच्या तळाचं पाण्याचं उथळ भांडं ठेवत. पाण्याची गंमत अशी की पाच सेंटीमीटर जाड थर लाल उजेडातला जेमतेम दोन टक्के भाग अडवतो, निळ्यातला तर जवळपास काहीच नाही. पण 1400 नॅनोमीटरपलीकडची उष्ण किरणं पहिल्या सेंटीमीटरभरातच संपतात. रोपाला हवा तो उजेड खाली जातो, नको ती उष्णता पाण्यात राहते, आणि ते पाणी फिरतं ठेवून बाहेर थंड करून आणतात. आता दिव्यातून ती किरणं येतच नाहीत, उष्णता दिव्याच्या पाठीवर राहते. म्हणून दिवा पानांपासून वितीवर आणता येतो. आणि म्हणूनच उष्णतेचं सगळं गणित आता मधल्या पाण्याऐवजी पानातल्या पाण्यावर आलंय.

9:30

वही. आज चार लिटर आणि वर दोनशे मिली. बादलीत त्याहून जास्त, कारण दुपारी दार बरंच उघडं होतं.

आणि एक राहिलेला निर्णय. गौरींसाठी मेथीची मागणी आत्तापासून येते आहे. गौरी येतात त्या दिवशी मेथीची भाजी आणि भाकरी हवी, ती ताजी हवी, आणि त्या दिवसांत इथल्या परसात मेथी नसते. तिसरा रॅक घ्यावा असं सगळ्यांचं म्हणणं. तिसरा रॅक म्हणजे आणखी 160 वॉट, रोज सव्वादोन युनिट उष्णता, आणि त्यातला तोच साठ टक्के भाग पानांनी उडवायचा तर आणखी दोन लिटर वाफ. दिवे विकत मिळतील. ते दोन लिटर सकाळी 10 नंतर या खोलीतून कुठे जाणार? एसी त्या वेळी अर्धा वेळ थांबलेला असतो.

बाबांनी चष्मा वर करून आकडे पाहिले. "चरक कितीही मोठा बसवला तरी गाळप आटवण्याच्या ताकदीवर ठरतं," म्हणाले. "क्वाडला झेपत नसेल तर ऊस गाडीतच थांबवतात."

तिसरा रॅक नाही. सगळ्यात जास्त पाणी सूर्यफूल पितं, त्याचे दोन कप्पे ऑगस्टच्या मध्यापासून मोकळे करायचे आणि तिथे मेथी पेरायची, भाजीपुरती वाढेपर्यंत तीन आठवडे ठेवायची. वीज तेवढीच, पाणी थोडं कमीच. सूर्यफूल घेणाऱ्यांना उद्या सकाळी कळवते, म्हणजे त्यांना दुसरीकडे बघायला वेळ मिळेल. मेथीचं बी दोन किलो लागेल. घरात अर्धा किलो आहे.